मॉड केलेल्या जुन्या गेम कन्सोलसाठी व्हिडिओ केबल कशी निवडायची

मॉड केलेल्या, म्हणजे आतल्या सर्किटमध्ये फेरफार केलेल्या कन्सोलची केबल घेताना नुसतं कन्सोलचं नाव सांगून भागत नाही. ‘सुपर निन्टेंडोची आरजीबी केबल’ (लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या तारांवरून नेणारी) असं एकच एक काही नसतं. कन्सोल उघडून आत व्हिडिओ सिग्नल वाढवणारं अॅम्प्लिफायरचं बोर्ड बसवलेलं असेल, तर केबल ठरते ती त्या बोर्डाच्या वायरिंगवरून. आणि ‘महागातली घ्या, सोन्याचा मुलामा असलेली घ्या’ हा सल्ला तर कानाआड करा. मुलाम्याने चित्र सुधारत नाही. चित्र बिघडतं ते सिंक, म्हणजे चित्राच्या ओळी जुळवणारा सिग्नल, चुकल्यामुळे, नाहीतर रेझिस्टर आणि कपॅसिटर दोनदा लागल्यामुळे किंवा लागलेच नसल्यामुळे.

आधी टीव्ही बघा

युरोपातल्या टीव्हींना मागे 21 पिनांचं स्कार्ट सॉकेट असायचं, म्हणून तिकडचे सल्ले स्कार्ट केबलपाशी थांबतात. आपल्याकडच्या टीव्हींना ते सॉकेट सहसा नसतं. तेव्हा नुसती स्कार्ट केबल मागवून काही हाती लागणार नाही.

एचडीएमआय मॉड असेल तर धडधाकट, आखूड एचडीएमआय केबल घ्या आणि हा लेख इथेच सोडा. पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल आणि त्याला हिरव्या-निळ्या-लाल कंपोनंट पिना असतील, तर आरजीबीचं कंपोनंट करून देणारी केबल किंवा तेच काम करणारा छोटा डबा, म्हणजे ट्रान्सकोडर, चालतो. सपाट टीव्हीला मात्र तसं थेट जोडू नका. बरेच सपाट टीव्ही जुन्या कन्सोलचा 240पी (240 ओळींचा) सिग्नल एकतर घेत नाहीत किंवा 480आय (आड-एक ओळी दाखवणारा) समजून दाखवतात. तिथे ओएसएससी किंवा रेट्रोटिंक 5एक्ससारखा स्कार्ट इनपुटवाला कन्व्हर्टर लागतो. पुढचं सगळं हा कन्व्हर्टर धरून लिहिलंय.

आरजीबीचा आपल्याला एक मोठा फायदा आहे. एनटीएससी आणि पाल या रंगीत टीव्हीच्या दोन वेगळ्या पद्धती. जपानी किंवा अमेरिकन एनटीएससी कन्सोल पिवळ्या (कंपोझिट) पिनेवरून आपल्या पाल टीव्हीला जोडला की चित्र अनेकदा काळं-पांढरं येतं. आरजीबीत रंगाचं एन्कोडिंगच नसल्यामुळे तो प्रश्न मुळातच उरत नाही.

मॉड ओळखा

झाकण उघडा, बोर्डाचा फोटो काढा, नाव वाचा, बनवणाऱ्याचा वायरिंगचा नकाशा मिळवा. मॉड दुसऱ्याने केला असेल तर त्याचं तोंडी उत्तर पुरेसं धरू नका.

सिंक: इथे घाई करायची नाही

मलाही सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याने खाल्लाय, म्हणून सविस्तर सांगतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन तारा रंग आणतात. ओळ कुठे सुरू होते, फ्रेम कुठे सुरू होते हे चौथी तार सांगते, तो सिंक. त्या तारेवर चार प्रकारच्या गोष्टी येऊ शकतात: पूर्ण कंपोझिट व्हिडिओ, लुमा (चित्राचा फक्त उजेडाचा, रंगाविना भाग), 75 ओहमसाठी नीट उतरवलेला सी-सिंक (नुसता सिंक, चित्राविना), आणि थेट चिपमधून आलेला 5 व्होल्टच्या पातळीचा टीटीएल सिंक. पहिले तीन बहुतेक कन्व्हर्टर पचवतात. चौथा तसाच आत सोडायचा नाही.

सेगाचा मेगा ड्राइव्ह कन्सोल हे त्याचं उत्तम उदाहरण. त्याचा सी-सिंक टीटीएल पातळीचा असतो, म्हणून चांगल्या केबलमध्ये त्या तारेवर 470 ओहमचा रेझिस्टर असतो. समोर कन्व्हर्टरचे 75 ओहम आले की 5 व्होल्टचे साधारण 0.7 व्होल्ट उरतात आणि इनपुट सुरक्षित राहतं. मॉड करणाऱ्याने हा रेझिस्टर आधीच बोर्डावर लावला असेल आणि केबलमध्येही असेल, तर सिग्नल निम्म्याच्या आसपास उतरतो. मग चित्र थरथरतं किंवा तुटतं, आणि लोक कन्व्हर्टरला दोष देत बसतात.

खरा धोका सुपर निन्टेंडोत आहे. एनटीएससी यंत्राच्या मल्टी-आउटच्या (मागच्या व्हिडिओ सॉकेटच्या) 3 नंबरच्या पिनेवर सी-सिंक असतो. पाल यंत्रात त्याच पिनेवर 12 व्होल्ट असतात, युरोपातल्या टीव्हीला एव्ही मोडवर नेण्यासाठी. प्लग मात्र तोच. एनटीएससीची सी-सिंक केबल पाल यंत्राला लावली तर ते 12 व्होल्ट सिंकच्या इनपुटवर जातात. त्यात भर म्हणजे काही मॉड करणारे पाल यंत्रातले 12 व्होल्ट तोडून तिथे सी-सिंक आणतात. म्हणून खालच्या स्टिकरवर ‘पाल’ लिहिलंय एवढ्यावर काहीही ठरवू नका. यंत्र चालू ठेवून ग्राउंड आणि 3 नंबर यांमधलं व्होल्टेज मल्टीमीटरने मोजा. प्रोब सॉकेटमध्ये खुपसू नका, घसरला तर शेजारच्या पिनेला टेकेल. बोर्डाच्या खालून सोल्डरच्या टाक्यावर मोजा. 12 च्या आसपास आकडा दिसला की सी-सिंक केबल बाजूला ठेवा आणि लुमावर सिंक घेणारी केबल घ्या. काय करावं सुचतच नसेल तर सुपर निन्टेंडोसाठी लुमा हाच माझा सल्ला आहे. दोन्ही यंत्रांत लुमा 7 नंबरलाच असतो.

कंपोझिट व्हिडिओवर सिंक घेणारी स्वस्त केबल मी घेत नाही. शिल्डिंग (तारेभोवतीचं धातूचं आवरण) कच्चं असेल तर तो व्हिडिओ रंगांच्या तारांत झिरपतो आणि सपाट निळ्या आकाशावर बारीक चौकटींची जाळी दिसते.

रेझिस्टर आणि कपॅसिटर

नियम एकच: प्रत्येक रंगाच्या वाटेवर हे भाग एकदाच यायला हवेत, बोर्डावर तरी किंवा केबलमध्ये तरी. मॉड न केलेल्या एनटीएससी सुपर निन्टेंडोच्या केबलमध्ये तिन्ही रंगांवर 220 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात. पाल यंत्राच्या केबलमध्ये त्याऐवजी प्रत्येक रंगापासून ग्राउंडला 75 ओहमचा रेझिस्टर लागतो, नाहीतर चित्र भडक आणि फिकुटलेलं येतं. अॅम्प्लिफायर मॉडमध्ये बहुधा 75 ओहम बोर्डावरच असतात. अशा यंत्राला पालची केबल लावली की 0.7 व्होल्टचा रंग 0.47 वर येतो, म्हणजे थेट एक तृतीयांश उजेड गेला. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून हे झाकू नका. केबल बदला.

केबलमध्ये काय आहे हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा मल्टीमीटरला विचारा. केबल दोन्हीकडून मोकळी ठेवा. एक प्रोब कन्सोलकडच्या लाल पिनेवर, दुसरा स्कार्टच्या 15 नंबरवर. शून्याजवळ आकडा आला तर तार सरळ आहे. 75 आला तर मध्ये रेझिस्टर आहे. आकडा सरसर चढत जाऊन शेवटी मीटर ‘उघडं’ दाखवू लागला तर कपॅसिटर आहे. मग लाल आणि ग्राउंड यांमध्ये मोजा. तिथे 75 दिसले तर ती पालची केबल. स्कार्टवर हिरवा 11 वर, निळा 7 वर, सिंक 20 वर. एखादा भाग कमी पडत असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत किरकोळ पैशात मिळतो. प्लग उघडून टाका लावायला हात बसलेला असेल तर नवी केबल मागवूच नका.

जपानहून जुनी केबल मागवताना जपला पाहिजे तो जेपी-21 प्लग. दिसायला हुबेहूब स्कार्ट, पण पिनांची मांडणी वेगळी. कन्व्हर्टर युरोपीय स्कार्टचा असेल तर ती केबल अडॅप्टरशिवाय लावू नका.

उरलेलं

प्रत्येक तारेला स्वतंत्र शिल्ड असलेली केबल घ्या. ती जाड असते, पटकन वळत नाही. लांबी लागेल तेवढीच. आवाजात गुणगुण येत असेल तर ऑडिओचं ग्राउंड वेगळं आहे का ते तपासा. पहिल्या मेगा ड्राइव्हच्या मागच्या सॉकेटमधून फक्त मोनो आवाज येतो. स्टिरिओ हवा असेल तर पुढच्या हेडफोनच्या छिद्रात जाणारी जादा वायर असलेली केबल मागवा.