मेंदूसंशोधकाची कारकीर्द वाचायची कशी?

मेंदूवर काम करणाऱ्या संशोधकाचा परिचय लिहायला घेतला की बहुतेक जण गूगल स्कॉलर हे शोधनिबंधांचं संकेतस्थळ उघडतात, एच-इंडेक्स (पेपर किती आणि इतरांनी त्यांचा किती उल्लेख केला यावरून काढलेला आकडा) टिपून घेतात आणि तेवढ्यावर लिहायला बसतात. असे परिचय लिहिणं हेच माझं काम आहे, म्हणून आग्रहानं सांगते: आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी त्या माणसाचे पेपर वर्षांच्या क्रमानं लावा.

यादी पबमेड या वैद्यकीय-जैविक संशोधनाच्या सूचीवरून काढा. एकाच नावाचे अनेक संशोधक असतात, काहींचं आडनाव मधेच बदललेलं असतं; ऑर्किड (ORCID) या संशोधकांच्या ओळखनोंदणीचा १६ अंकी क्रमांक मिळाला तर ही सगळी झटापट वाचते.

आता जुन्यापासून वाचत या आणि एकच गोष्ट शोधा: हा माणूस पुन्हा पुन्हा कुठल्या प्रश्नाकडे परत येतो? जॉन ओकीफ यांचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये त्यांनी जोनाथन दोस्त्रोव्स्की यांच्याबरोबर एक छोटासा पेपर छापला. मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागामधल्या ७६ पेशींची नोंद होती आणि त्यांतल्या फक्त ८ पेशी उंदीर एका ठरावीक जागी, ठरावीक दिशेला तोंड करून असताना जोरात बोलत होत्या, म्हणजे विद्युत संकेत देत होत्या. शीर्षकातच 'प्राथमिक पुरावा' असं म्हटलेलं. नुसती मोजदाद केली तर हा यादीतला एक किरकोळ पेपर वाटेल. पण पुढची वर्षं वाचत गेलात की दिसतं, प्रश्न तोच राहिला आहे: आपण कुठे आहोत हे मेंदूला कळतं कसं? या कामाला नोबेल मिळालं २०१४ मध्ये. एवढा काळ एका प्रश्नाला धरून राहणं मला फार मोलाचं वाटतं, आणि ते कुठल्याच निर्देशांकात उतरत नाही.

मग प्रश्नाच्या मागेपुढे जा. हिप्पोकॅम्पसकडे एवढं लक्ष गेलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांचा १९५७ चा पेपर. १९५३ मध्ये हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर एच. एम. या रुग्णाला नव्या आठवणी साठवता येईनात, हे त्यात मांडलं होतं. पुढच्या बाजूला मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर हे संशोधक दांपत्य. १९९० च्या दशकात ते काही महिने ओकीफ यांच्या लॅबमध्ये शिकले. २००५ मध्ये त्यांच्या गटानं ग्रिड पेशी, म्हणजे जागेचा जाळीसारखा नकाशा आखणाऱ्या मेंदूपेशी, जाहीर केल्या आणि २०१४ च्या नोबेलमध्ये तेही वाटेकरी होते. कोण कुणाच्या हाताखाली तयार झालं याची वंशावळ न्यूरोट्री या संकेतस्थळावर सापडते. विद्यार्थी पुढे काय करू लागले, हे मी प्रत्येक वेळी बघतेच.

नावांचा क्रमही बघा. या शाखेत पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. ग्रिड पेशींच्या पेपरवर मोझर दांपत्य शेवटी आहे, आधीची नावं लॅबमधल्या सहकाऱ्यांची. तरुण संशोधकाची कारकीर्द वाचताना त्याचं नाव पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेवर कधी गेलं, तिथं खूण करा. स्वतःची लॅब उभी राहिली ती साधारण तेव्हा.

आता सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख. आकड्याआधी वाक्य वाचा. उल्लेख करणारे आठ-दहा पेपर उघडा आणि आपल्या संशोधकाचं नाव नेमकं कुठे आलंय ते बघा. प्रस्तावनेत पाच-सहा जणांच्या घोळक्यात आलं असेल तर तो केवळ शिष्टाचार असू शकतो. 'अमुक यांच्या निष्कर्षावरून आम्ही हा प्रयोग आखला' असं असेल तर तो खरा प्रभाव. पद्धतीच्या भागात आलं असेल तर त्यांचं तंत्र लोक वापरतायत. हेही मोठं योगदान आहे, फक्त वेगळ्या जातीचं. आणि पेपर मागे घेतला गेलाय का, हे न चुकता तपासा. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनावरचा 'नेचर'मधला २००६ चा एक गाजलेला पेपर, हजारो उल्लेख झाल्यावर, २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

एवढं झालं की एच-इंडेक्स उघडा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो २००५ मध्ये सुचवला: किमान ४० पेपरांना प्रत्येकी किमान ४० उल्लेख असतील, पण ४१ पेपरांना ४१ नसतील, तर निर्देशांक ४०. तो कधी खाली येत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना झुकतं माप मिळतं. मोठ्या गटात मेंदूच्या प्रतिमा काढणारा आणि खेकड्याच्या मूठभर चेतापेशींवर काम करणारा यांची या आकड्यावरून तुलना करू नका. एकाच उपशाखेतले, साधारण एकाच वेळी पीएचडी झालेले दोघे असतील तरच करा. आकडा छापायचाच असेल तर कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला, हे शेजारीच लिहा. गूगल स्कॉलर आणि स्कोपस या दोन सूचींचे आकडे एकाच दिवशीही जुळत नाहीत.