गृहकर्जासाठी घराचं व्हॅल्युएशन अडकतंय? या चुका टाळा

रीसेल फ्लॅटवर कर्ज काढताना बँक पॅनेलवरचा व्हॅल्युअर (बँकेच्या यादीतला, घराची किंमत ठरवणारा तज्ज्ञ) पाठवते. तो यायच्या आदल्या दिवशी घरमालक फरशा घासतात, पडदे बदलतात, कोणी हॉलला रंगही मारून घेतात. यातलं काहीच रिपोर्टात येत नाही. रिपोर्ट अडकतो तो कागदावरचं घर आणि जागेवरचं घर जुळत नाही म्हणून. तयारी करायची तर ती तिथे करा.

मंजूर नकाशाशिवाय भेट ठरवणं

सगळ्यात जास्त वेळ यात जातो. नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची चालू पावती आणि लाइट बिल बहुतेकांकडे असतं. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मात्र सोसायटीच्या कपाटात असतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे. नकाशाची प्रत आधी सोसायटीकडे मागा. नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात अर्ज करा. इमारत महारेरात (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदलेली असेल तर संकेतस्थळावर प्रकल्पाच्या कागदपत्रांतही नकाशा सापडतो. ओसीच नसेल तर बँकेला आधीच सांगा. व्हॅल्युएशनची फी भरून झाल्यावर नकार ऐकण्यात काय अर्थ?

दारावरचा नंबर वेगळा, करारातला वेगळा

करारात ‘इमारत क्र. २, फ्लॅट ७’ आणि दारावर ‘बी-२०३’ हे जुन्या सोसायट्यांत सर्रास दिसतं. बिल्डरनं दिलेला क्रमांक सोसायटीनं नंतर बदललेला असतो. व्हॅल्युअर अशा वेळी ‘ओळख पटत नाही’ असा शेरा मारतो आणि फाईल थांबते. उपाय सोपा आहे: दोन्ही क्रमांक एकाच फ्लॅटचे आहेत असं सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून घ्या. पत्रात सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर आणि मजला येऊ द्या, खाली शिक्का घ्या.

क्षेत्रफळाचा घोळ

एजंट ८५० चौरस फूट ‘सेलेबल’ (जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून) सांगतो, करारात ५८.५० चौरस मीटर कार्पेट (घराच्या आतली वापरण्याजोगी जागा) असतं. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की ६२९.७ चौरस फूट येतात. व्हॅल्युअर याच आकड्यावर चालतो. ८० लाखांचा हा फ्लॅट सेलेबलवर साधारण ९,४०० रुपये फुटानं पडतो, कार्पेटवर १२,७०० नं. शेजारचा फ्लॅट किती भावानं गेला हे सांगताना लोक हे दोन दर बिनधास्त मिसळतात, आणि मग रिपोर्टातला आकडा कमी वाटतो.

जुन्या करारात फक्त बिल्ट-अप (बाहेरच्या भिंतींसकट क्षेत्रफळ) दिलेलं असेल तर १.२ ने भागून कार्पेटचा अंदाज घ्या. व्हॅल्युअर तरीही आतून मोजणारच. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. त्यामुळे बाल्कनी बंद करून हॉल मोठा केला असला तरी ते फूट तुमच्या खात्यात पडत नाहीत, उलट ‘नकाशाबाहेरचा बदल’ म्हणून नोंद होते.

त्याहून अवघड प्रकरण जोड फ्लॅटचं. मधली भिंत पाडलेली, दोन करार, आणि कर्ज एकाच फ्लॅटवर हवं. गहाण ठेवायच्या फ्लॅटला स्वतःचं दार आणि स्वयंपाकघर नसेल तर बँक तयार होत नाही. मग भिंत परत बांधा, नाहीतर दोन्ही फ्लॅट गहाण ठेवा.

ओल रंगाखाली झाकणं

ताज्या रंगाचा एकच पट्टा व्हॅल्युअरच्या नजरेत लगेच भरतो. गळती दुरुस्त केली असेल तर बिल दाखवा. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट हाताशी ठेवा, कारण इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी लिहिलं गेलं तर बँक मुदत कापते आणि हप्ता वाढतो.

सिडकोच्या जागेवरच्या फ्लॅटला जमीन बहुधा भाडेपट्ट्याची असते. पट्ट्याची किती वर्षं उरलीत ते करारात बघून ठेवा.

भेटीच्या दिवशी

भाडेकरूला आधी कळवा, भाडेकराराची प्रत काढून ठेवा. एकही खोली कुलूपबंद नको. आतले फोटो नसतील तर दुसरी फेरी ठरलेलीच. पार्किंगची जागा दाखवू शकेल असा माणूस हजर हवा. किमतीबद्दल व्हॅल्युअरशी घासाघीस करू नका. तो बँकेसाठी काम करतो.

आकडा कमी आला तर

करार ८० लाखांचा, व्हॅल्युएशन ७४ लाखांचं. बँक कमी रक्कम धरते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के आहे, म्हणजे ६४ लाखांऐवजी जास्तीत जास्त ५९.२० लाख मिळतील. ४.८० लाखांचा खड्डा तुमच्या खिशातून भरायचा, वर स्टॅम्प ड्युटी वेगळी.

नुसतं ‘भाव जास्त आहे’ म्हणून उपयोग नाही. शाखेतून रिपोर्टातले तीन आकडे विचारा: क्षेत्रफळ, दर आणि इमारतीचं वय. चूक बहुधा इथेच असते: कार्पेट चुकीचं धरलेलं, किंवा रस्त्यापलीकडच्या जुन्या चाळीशी तुलना केलेली. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून तुमच्याच इमारतीतल्या किंवा लगतच्या इमारतीतल्या, गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन व्यवहारांची सूची क्रमांक २ काढा. प्रत्येकीचा कार्पेट दर काढून एका कागदावर मांडा आणि फेरतपासणीचा अर्ज शाखेत लेखी द्या, पोच घ्या. तरीही आकडा हलला नाही तर बँकेच्या पॅनेलवरच्या दुसऱ्या व्हॅल्युअरची मागणी करता येते. ती फी मात्र बहुधा तुमच्याच माथी येते. विक्रेत्याला दिलेल्या मुदतीत हे सगळं बसवायचं असेल तर टोकनच्या कागदातच ‘कर्ज कमी मंजूर झाल्यास मुदत वाढेल’ अशी ओळ आधी घालून घ्या.