चित्र बिघडले, तर आधी तासाची तयारी तपासा: प्राथमिक वर्गांना चित्रकला शिकवताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी जानेवारीत, नाशिकजवळच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला ‘द्राक्षाचा घड’ हा विषय देताना मी फळ्यावर उलट्या त्रिकोणात गोल मणी काढून दाखवले, आणि अर्ध्या तासात जवळजवळ प्रत्येक वहीत तोच त्रिकोण उमटला. एका मुलीने मात्र वेलीला लटकणारी चौकोनी पुडी काढून तिच्यावर बारीक आडव्या रेघा ओढल्या होत्या. ‘यात घड कुठे आहे?’ असे मी जरा त्रासूनच विचारले. ‘सर, घड आत आहे. वरून पेपर लावलाय,’ असे तिने सांगितले. उन्हाने मणी खराब होऊ नयेत म्हणून आपल्याकडच्या बागांत घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात, हे मला ठाऊक असूनही चित्रात ओळखता आले नव्हते. त्या रेघा म्हणजे पेपरातल्या बातम्या होत्या.

फळ्यावरचा नमुना ही आपण शिक्षक सर्वाधिक वेळा करतो ती चूक आहे. नमुना समोर आला की मूल वस्तूकडे पाहणे सोडून फळ्याकडे पाहू लागते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नागमोडी नदी हे चित्र पंचवटीत राहणारे मूलही काढते, जरी रोज दिसणारी त्याची गोदावरी रामकुंडाशी दगडी पायऱ्यांच्या मधून वाहत असली तरी. घड काढायचा असेल, तर चार मुलांमागे एक खरा घड द्यावा, देठ कुठे जाड आहे, कोणता मणी कोणत्या मण्यामागे लपला आहे असे प्रश्न विचारावेत, आणि फळा कोरा ठेवावा. ब्रश कसा धरावा किंवा कागद कसा दुमडावा हे जरूर करून दाखवावे, पण ते वेगळ्या कागदावर, आणि दाखवून झाल्यावर तो कागद उचलून ठेवावा.

वयाच्या पुढची अपेक्षा

कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांनुसार साधारण सात ते नऊ वर्षांचे मूल माणूस, झाड, घर यांसाठी स्वतःची ठरावीक आकृती वापरते, सर्व काही एका जमिनीच्या रेषेवर उभे करते, आभाळाचा निळा पट्टा कागदाच्या वरच्या कडेला रंगवते आणि भिंतीआडची माणसेही काढते. घराच्या आत आई आहे हे त्याला माहीत असते, म्हणून ती चित्रात दिसते. यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. तरीही ‘आभाळ जमिनीला टेकव’, ‘डोके लहान कर’ अशा सूचना दिल्या जातात, आणि काही शिक्षक तर मुलाच्या हातातील पेन्सिल घेऊन स्वतःच रेषा सुधारतात. त्यानंतर ते मूल प्रत्येक रेषेला ‘सर, बरोबर आहे का?’ असे विचारू लागते, आणि ही सवय मोडायला वर्षभर लागते.

याच घाईतून कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांचा अभ्यासक्रम खालच्या वर्गांत ओढला जातो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षीची रचना), भूमिती हे सारे माध्यमिक वयाला शोभते. तिसरीच्या मुलाच्या हाती कंपास देऊन संकल्पचित्र मागितले, तर कागदाला भोके पडण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. पुनरावृत्ती आणि समतोल हा संकल्पचित्राचा गाभा मुलांना भेंडीच्या ठशांतून सहज कळतो. येवल्याच्या पैठणीचा काठ दाखवून ‘यात एकच आकृती किती वेळा आली?’ असे विचारले, तर तोच धडा हसतखेळत पक्का होतो. ठसे फिसकटत असतील, तर बहुधा रंग पातळ असतो. कापलेली भेंडी किंवा बटाटा आधी फडक्याने कोरडा टिपावा, कारण त्याचा रस रंगात उतरतो, आणि ठसा रंगात बुडवण्याऐवजी रंग लावलेल्या स्पंजवर दाबावा.

रंगांचा चिखल का होतो

रंगकामाच्या तासाची नेहमीची तक्रार म्हणजे सगळी चित्रे शेवटी तपकिरी होतात. लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही रंग एकत्र आले की प्रत्येक रंग प्रकाशाचा आपापला भाग शोषून घेतो आणि मातकट, काळपट छटा उरते. बारा रंगांची पेटी आणि पाण्याची एकच वाटी दिली, तर दहाव्या मिनिटाला त्या वाटीत तिन्ही रंग असतात आणि पुढचा प्रत्येक फटकारा त्यातूनच येतो. म्हणून पहिल्या तासाला दोनच रंग द्यावेत आणि दोन वाट्या ठेवाव्यात, एक ब्रश धुण्यासाठी व दुसरी स्वच्छ पाण्यासाठी. हिरवा तयार करताना पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालावा. निळ्यात पिवळा घालू लागल्यास अर्धी बाटली संपते.

जांभळा मात्र या पद्धतीनेही अनेकदा फसतो. दोष मुलाचा नसतो. नारिंगीकडे झुकणाऱ्या व्हर्मिलियन लालमध्ये पिवळ्याचा अंश असल्याने निळा मिसळताच तिन्ही रंग एकत्र येतात. त्याऐवजी क्रिमसन लाल आणि अल्ट्रामरीन निळा घेतल्यास द्राक्षाला शोभणारा जांभळा मिळतो.

कागदाबाबतची काटकसरही अशीच अंगाशी येते. वहीचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, सुरकुततो आणि दोनदा ब्रश फिरवला की त्याचा लगदा निघतो. शिक्षक मात्र ‘हात हलका ठेव’ असे म्हणत राहतात. जलरंगासाठी निदान १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणारा) कागद असावा. तो परवडत नसेल, तर जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ वापरावी (ती चकचकीत नसावी, नाहीतर रंग धरत नाही), किंवा त्या दिवशी मेणखडूच वापरावेत. पावसाळ्यात ओली चित्रे एकावर एक रचू नयेत; वर्गात दोरी बांधून चिमट्यांनी टांगावीत.

शाडूचे गणपती का तडकतात

गणेशोत्सवापूर्वी अनेक शाळांत शाडूची कार्यशाळा होते आणि दुसऱ्या दिवशी सोंड, कान, हात बाकांवर सुटे पडलेले सापडतात. माती वाळताना आकसते, हे यामागचे कारण आहे. पातळ कान लवकर वाळतो, जाड पोट सावकाश, आणि जोडावर ताण येऊन चीर पडते. मजबुतीसाठी आत काडी खुपसण्याची सूचना बऱ्याच ठिकाणी दिली जाते. तीच उलट नुकसान करते, कारण माती आकसते आणि काडी आकसत नाही. माती चांगली मळून हवा काढावी, जोडायच्या दोन्ही भागांवर ओरखडे काढून त्यांवर पातळ मातीचा लेप द्यावा आणि मग दाबून जोडावे. मूर्ती उन्हात किंवा पंख्याखाली न ठेवता सावलीत, पहिल्या दिवशी ओलसर फडक्याखाली ठेवावी. लहान मुलांना सोंड पोटाला टेकवून करायला सांगितले, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

शेरा देताना

वारली पद्धतीच्या तासाला सगळ्यांनी तारपा नाचाचे तेच वर्तुळ काढले आणि जो सर्वांत नेटका त्याला पहिला क्रमांक मिळाला, असे पुष्कळदा होते. त्याऐवजी त्याच त्रिकोणी माणसांतून काल आपल्या गल्लीत काय घडले ते काढायला सांगावे आणि ‘हे काय आहे?’ ऐवजी ‘या चित्राबद्दल मला सांग’ असे म्हणावे. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राच्या मागे, तारखेसह लिहून ठेवावे. चित्रांचे प्रदर्शन भरवताना तेच वाक्य चित्राखाली चिकटवावे. पालक आधी ते वाचतात आणि मग चित्राकडे पुन्हा वळून पाहतात.