सुट्टी शेताची की बोटांची?

भाजीच्या मळ्यावर उन्हाळी काम धरलं तर क्लायंबिंग होतं का? होतं. मी सलग तीन उन्हाळे केलंय. मात्र पहिल्या उन्हाळ्यातले सात आठवडे मी कड्याच्या पायथ्याशी बसून दुसऱ्यांना बघण्यात घालवले, आणि तेही ज्या गोष्टीला मी 'फुकटचं ट्रेनिंग' म्हणत होते तिच्यामुळे. ते पुढे सविस्तर सांगते. दोर कसा बांधायचा, खुरपं कसं धरायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी कामाचं. काम धरताना सगळे विचारतात पैसे किती, राहायची सोय आहे का. विचाराच, पण त्याच्याही आधी विचारा, माझ्या वाट्याला कुठलं पीक येणार? काकडी, भेंडी, झुकिनी ही थांबणारी पिकं नाहीत. काकडी दोन दिवस जास्त राहिली की पिवळट पडते, आत बिया भरतात, आणि वेल नवी फळं धरायचं मनावर घेत नाही. भेंडी तर आज कोवळी, परवा निबर. अशा पिकावर असाल तर शनिवार-रविवार हे शब्द विसरा, वेलीला वार कळत नाही. कांदा, बटाटा, लाल भोपळा यांचं तसं नसतं. काढणी दोन दिवस मागेपुढे झाली तर चालून जातं. मी पहिल्या वर्षी हौसेने काकडी मागून घेतली. का, तर मांडवाखाली सावली असते म्हणून! सावली मिळाली, सुट्टी मिळाली नाही.

दुसरं म्हणजे बाजाराचा वार बघा. आदल्या दिवशी सगळ्यात जास्त तोडणी, धुणं, भरणं असतं. बाजार झाला की मळा जरा श्वास घेतो. कड्याचा दिवस त्यानंतर मागा, आणि तो हंगामाच्या सुरुवातीलाच मागा, ऐनवेळी पोट दुखल्याचं सांगून नव्हे. मालकाला आधी सांगितलेलं बहुतेक वेळा चालतं. पहाटे क्रेट रिकामे आणि माणूस गायब, हे कुणालाच चालत नाही.

तोडणी पहाटे असते, कारण ऊन चढल्यावर तोडलेली पालेभाजी मान टाकते आणि फळभाजीच्या पोटातली ऊब क्रेटमध्येही उतरत नाही. म्हणजे क्लायंबिंगसाठी चांगली असलेली गार सकाळ तुमच्या हातून गेलीच. उरते संध्याकाळ. अशा वेळी पूर्वेकडे तोंड असलेला कडा शोधा. दुपारनंतर त्याच्यावर सावली येते आणि सहापर्यंत कातळ बऱ्यापैकी निवतो. पश्चिमेचा कडा त्या वेळी तव्यासारखा तापलेला असतो. हाताला घाम, तो शोषायला लावलेल्या चॉक पावडरचा चिखल, आणि एरवी पायाखालची वाटणारी रूट, म्हणजे कड्यावरची चढायची वाट, अशक्य होऊन बसते. पश्चिमेचा कडा सुट्टीच्या सकाळसाठी राखून ठेवा. आणि वाळूच्या खडकाचा कडा असेल तर पावसानंतर तिकडे फिरकू नका. तो खडक ओला असताना कमजोर होतो आणि होल्ड, म्हणजे धरायच्या कडा-खाचा, तुटून हातात येतात. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते.

आता ती गोष्ट.

चार आठवडे काम झालं होतं. खांदे भरले होते, तळहाताला घट्टे पडले होते, पकड अशी झाली होती की बरणीचं झाकण उघडायला सगळे माझ्याकडे यायचे. आमच्या क्लायंबिंगच्या टोळक्यातला एक दादा म्हणाला, "तुझं काय बाई, रोज ट्रेनिंगच चालू आहे!" मला ते इतकं आवडलं की मी खरं मानलं. आठवड्यात पाच दिवस मळा, दोन दिवस कडा असं गणित मांडलं. कड्याला पाच दिवस सुट्टी, मळ्याला दोन दिवस. कागदावर सुंदर दिसत होतं.

त्या कागदावर बोटांची सुट्टी कुठेच नव्हती.

भाजीचा क्रेट तुम्ही उचलला असेल. त्याच्या दोन बाजूंना हात घालायला अरुंद खाच असते. चार बोटांची टोकं आत जातात, मधलं पेर काटकोनात वाकतं आणि सगळा भार त्या प्लॅस्टिकच्या धारेवर येतो. आता हीच पकड डोळ्यांसमोर धरा आणि क्रेट काढून तिथे कातळाची बारीक कड ठेवा. याच पकडीला क्लायंबर म्हणतात क्रिंप! भरलेला क्रेट साधारण २० किलोचा, म्हणजे प्रत्येक हाताला १०. हे काही जास्त नाही. पण बाजाराच्या आदल्या दिवशी मी ९० क्रेट शेतातून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून शेडमध्ये केले होते. प्रत्येक क्रेट दोनदा उचलला, म्हणजे १८० वेळा. हा आकडा मी नंतर, बोट सुजल्यावर मोजला.

बोटाच्या आत काय चालतं ते एकदा समजून घ्या, मग माझ्यासारखा मूर्खपणा होणार नाही. बोटं वाकवणारे स्नायू बोटात नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून कंडरा निघतात आणि बोटाच्या आतल्या बाजूने हाडाला लागून टोकापर्यंत जातात. त्या हाडापासून सुटू नयेत म्हणून वाटेत आडवे पट्टे असतात. नेफ्यातून नाडी जावी तशी कंडरा त्या पट्ट्यांखालून जाते. या पट्ट्यांना पुली म्हणतात. तळव्यालगतच्या पेरावरची ए-२ ही पुली क्लायंबरना सगळ्यात जास्त रडवते, आणि बहुतेकदा अनामिकेची. बोट सरळसर ठेवून धरलं तर तिच्यावर फारसा ताण येत नाही. क्रिंपमध्ये बोट काटकोनात मुडपलं की कंडरा हाडापासून सुटायला बघते आणि तिला दाबून धरण्याचं सगळं काम त्या पट्ट्यावर पडतं.

खरी मेख पुढे आहे. स्नायू काही आठवड्यांत तगडे होतात. कंडरा आणि पुली यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या फार सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने, सुधारतात. म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुमचे स्नायू जितकं ओढू शकतात तितकं सहन करायला पुली तयार नसते. नेमकं तेव्हाच तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा आपण ताकदवान आहोत असं वाटत असतं. घट्ट्यांमुळे कातडी दुखत नाही, म्हणून बोटही ठीक असेल असा समज होतो. घट्टा कातडीला येतो हो, कंडरेला नाही!

तर ९० क्रेटच्या दुसऱ्या दिवशी, 'विश्रांतीच्या' दिवशी, मी कड्यावर. दोर अडकवायच्या तिसऱ्या क्लिपच्या वर उजव्या हाताला बारीक कड होती. पाय निसटला, सगळा भार त्या हातावर आला आणि 'टक्' असा आवाज आला. सुकी काटकी मोडावी तसा. खालून बिले देणाऱ्यालाही, म्हणजे माझा दोर सांभाळणाऱ्यालाही, ऐकू आला. दुखलं मात्र फार नाही, आणि तिथेच घात झाला. मी टेप गुंडाळून आणखी दोन रूट केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अनामिका बुडाशी गाजरासारखी जाड झाली होती.

मळ्यावर मी कुणाला सांगितलं नाही. न्याहारीच्या वेळी तोडणीवरच्या काकूंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "कप डाव्या हाताने का धरलास गं?" झालं. दुपारपर्यंत मला तोडणीवरून काढून धुण्या-निवडण्यावर बसवलं होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की पुली अर्धवट फाटली आहे, पूर्ण तुटलेली नाही. सात आठवडे कडा बंद.

म्हणून गुरू कुणाला करायचं याबद्दल माझं मत जरा तिखट आहे. कड्यावर सगळ्यात मोठ्याने बोलणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात कमी वेळा जखमी झालेला असतो, आणि म्हणूनच त्याचा सल्ला कुचकामी. ज्याने सहा महिने बोट धरून काढलेत त्याला विचारा. किंवा काकूंना विचारा. पंचवीस वर्षं तोडणी करणाऱ्या बाईने कडा पाहिला नसेल, पण दुखरा हात ती दुरून ओळखते. आणि दिवसभराच्या तोडणीनंतर रात्री खोलीत हँगबोर्डला, म्हणजे बोटांच्या व्यायामाच्या फळीला, लटकणाऱ्यांना मी हात जोडते. ते कशासाठी चाललंय हे त्यांनाही ठाऊक नसतं. टेप हाही काही गंडा-ताईत नव्हे. फाटकी पुली घेऊन 'टेप लावलाय ना' म्हणणारी मी एकटी नव्हते, नंतर बरेच भेटले.

घाबरू नका एवढं. आता माझं व्यवस्थित चालतं, आणि त्यासाठी फार काही करावं लागलेलं नाही. क्रेट मी खाचेत बोटं घालून उचलत नाही. एक कोपरा जरा तिरका करून खाली तळवा सरकवायचा आणि छातीशी धरून न्यायचा. शर्ट मळतो, मळू दे. ओल्या मातीतलं तण बोटांच्या चिमटीने उपटायचा मोह होतो, तेव्हाही खुरपं वापरते. वहीत कामाचे दिवस लिहीत नाही, बोटांचे दिवस लिहिते. क्रेटचा दिवस हा क्रिंपचाच दिवस धरते आणि त्यानंतरचा दिवस बोटं सोडून. त्या दिवशी कड्यावर गेलेच तर मोठ्या होल्डची रूट, स्लॅब म्हणजे कलता कातळ, पायांचं काम. आमच्या मळ्यावर रोपं लावायचे, ठिबकच्या नळ्या पसरायचे दिवस बोटांना हलके जातात, कंबर मात्र बोलते. अवघड रूट त्यानंतर ठेवते. सकाळी तोंड धुण्याआधी मूठ वळून बघते. अनामिका बुडाशी ताठ वाटली तर त्या दिवशी बारीक होल्ड नाही. सोबत्यांनी कितीही चिडवलं तरी नाही.

थकव्याचं थोडं. दमलेल्या माणसाने चढण्यापेक्षा दमलेल्या माणसाने बिले देणं जास्त धोक्याचं, कारण तिथे जीव दुसऱ्याचा असतो. पहाटे चारला उठले असेन तर संध्याकाळी मी लीड करणाऱ्याला, म्हणजे दोर घेऊन पहिला चढणाऱ्याला, बिले देत नाही, सरळ सांगते. आणि दोराची गाठ एकमेकांची तपासायचीच, दोघंही कितीही जुने असा. अमेरिकन क्लायंबर लिन हिल १९८९ साली फ्रान्समध्ये गाठ अर्धवट ठेवून वर चढली आणि ७० फुटांहून जास्त उंचीवरून पडली. झाडाने अडवलं म्हणून वाचली. त्या काळातल्या जगातल्या अव्वल क्लायंबरपैकी ती एक होती. चार वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरची नोज ही रूट पहिल्यांदा फ्री, म्हणजे दोर फक्त पडल्यास वाचवायला ठेवून हातापायांच्या बळावर, चढणारीही तीच. तिच्याकडून गाठ राहते, तर दिवसभर उन्हात वाकून आलेल्या आपल्याकडून राहणार नाही?

कातडीचं सांगायला हवं, कारण हे कुणी सांगत नाही. कड्यावरून आलात, बोटांची टोकं घासून गुलाबी झाली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी मिरचीची तोडणी लागली, तर आधीच सांगून काम बदलून घ्या. मी नाही घेतलं. रात्री हात बादलीत बुडवून बसले होते आणि पाण्याने काही होत नव्हतं, कारण ती जळजळ पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण. टोमॅटोचं उलट. पानांचा हिरवा-काळा चिकटा बोटांवर बसतो आणि होल्डवर हात चक्क घसरतो. चॉक लावण्याआधी साबणाने खसखसून धुवा. घट्ट्यांच्या कडा सँडपेपरने घासून सपाट ठेवा, नाहीतर त्या होल्डच्या कडेत अडकून कातडीचा तुकडाच सोलून निघतो.

आणि दोराची पिशवी. मळ्यावर सगळं सामान शेडमध्ये टाकायची पद्धत असते. तिथे ट्रॅक्टरची बॅटरी असते, फवारणीचे डबे असतात. बॅटरीतल्या आम्लाने नायलॉन आतून खराब होतं आणि दोर वरून अगदी नवा दिसू शकतो. कमरेला बांधायच्या हार्नेसचंही तेच. पिशवी झोपायच्या खोलीत ठेवा, उशाशी ठेवा, कुणी हसलं तरी. पहिल्या वर्षी माझी पिशवी आठवडाभर त्या बॅटरीशेजारी पडून होती. दोराला काही झालं होतं की नाही हे बघून कळण्यासारखं नव्हतं, म्हणून तो कापून टाकला. आता त्याच्यावर मळ्यात टोमॅटोच्या काठ्या बांधलेल्या आहेत.