पीओपीच्या मूर्तीचं घरच्या घरी विसर्जन

पीओपीची मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही. मुठेच्या पात्रात नंतर दिसणारे हात-सोंडेचे तुकडे बघवत नाहीत. त्यावर पुण्याच्याच एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) काढलेला हा उपाय, अमोनियम बायकार्बोनेटची पावडर. पुणे महापालिका गणेशोत्सवात क्षेत्रीय कार्यालयांतून ही पावडर मोफत देत आली आहे, आधी तिथे विचारा.

१. मूर्तीचं वजन करा. जेवढं वजन, तेवढीच पावडर.
२. मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या बादलीत पाणी घ्या, त्यात पावडर ढवळा.
३. हार, वस्त्रं, दागिने काढून आरतीनंतर मूर्ती हलकेच आत सोडा.
४. दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळत राहा. ढवळलं नाही तर मूर्तीवर पांढरा थर बसतो आणि काम अडतं.

साधारण ४८ तासांत मूर्ती विरघळते. वरचं पाणी भरपूर साधं पाणी मिसळून झाडांना थोडं थोडं घाला. त्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच असतं. तळाशी खडूसारखा गाळ राहतो.

बादली मात्र गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीतच ठेवा. अमोनियाचा वास फार उग्र असतो, बंद बाथरूममध्ये त्रास होतो. लहान मुलांना लांब ठेवा. आणि खायचा सोडा वापरू नका, तो वेगळा.