फ्रिजमधून काढल्या काढल्या चॉकलेट चाखू नका

चॉकलेट चाखायला शिकताय म्हणजे कंपाउंड (वनस्पती तेलाचं स्वस्त चॉकलेट) कुठलं, खरं कुठलं, वेष्टनावर कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, लिहिलंय की वनस्पती तेल, हे तुम्ही बघतच असणार. त्यात वेळ घालवत नाही. माझे आठ महिने जिथे वाया गेले, तेवढंच सांगते.

मी नागपूरची. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कोको बटर वितळतं साधारण 34 अंशांना. म्हणून चॉकलेट फ्रिजमध्ये, आणि चाखायचं तेही तिथून काढून लगेच. वहीत रोज तेच : ‘कडू, तुरट, शेवटी गोड.’ मग ते मादागास्करच्या बियांचं असो की केरळातल्या इडुक्कीच्या. एका छोट्या कारखान्यात चव तपासणाऱ्याच्या जागेसाठी गेले, तर समोर तीन तुकडे ठेवले. दोन एकाच चॉकलेटचे, तिसरा वेगळा, तो ओळखायचा. तीनही फेऱ्यांत चुकले. तिथले तुकडे थंड नव्हते, पण घाईघाईने चावून गिळायची सवय मी सोबत नेली होती. परतताना रात्रभर गाडीत डोळा लागला नाही. आपल्या जिभेलाच चव नाही, असं वाटत राहिलं.

जिभेचा काही दोष नव्हता, तुमच्याही नसेल. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम-मांसाच्या रश्शासारखी चव) एवढंच सांगते. बाकी बहुतेक सगळं नाक सांगतं. चॉकलेटचे बरेचसे गंध कोको बटरमध्ये धरलेले असतात. ते तोंडात वितळलं की गंध सुटतात आणि घशामागून नाकात चढतात. गारठलेला तुकडा लवकर वितळत नाही, आपण कंटाळून चावतो आणि गंध सुटायच्या आधीच घास पोटात. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक तुकडा जिभेवर विरघळू द्या आणि मग चिमटी सोडा, गंध तेव्हाच कळेल.

फ्रिजचे आणखी दोन त्रास. कोको बटर वास पटकन ओढून घेतं. माझ्या एका महागड्या बारला लसणाच्या चटणीचा वास लागला होता. आणि थंड चॉकलेट उघड्यावर आणलं की त्याला घाम सुटतो, वरची साखर त्यात विरघळते आणि सुकल्यावर पांढरा, खरखरीत थर उरतो. तो बोटाने चोळून जात नाही.

फ्रिजशिवाय गत्यंतर नसेल तर वेष्टनासकट पिशवीत आणि पिशवी हवाबंद डब्यात ठेवा. चाखण्याआधी दोनेक तास डबा बाहेर काढा, पण झाकण उघडू नका. घाम डब्याला येऊ दे. खोली 20 ते 24 अंशांची मिळाली तर उत्तम. एसी नसेल तर मे महिना सरळ सोडून द्या, डिसेंबरात सुरू करा. काही बिघडत नाही.

टक्क्यांवरून चव ठरवणाऱ्यांचं ऐकू नका. 70 टक्के म्हणजे कोको आणि त्याचं बटर मिळून किती, एवढंच. बिया कशा आंबवल्या, कशा वाळवल्या, किती भाजल्या, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. आणि तुकडा तोंडात जायच्या आधीच ‘रास्पबेरी लागेल बघ’ म्हणणाऱ्या गुरूपासून लांब राहा. मीही मधूनमधून तेच शब्द वहीत उतरवले, आणि रास्पबेरी तोवर खाल्लीसुद्धा नव्हती. करवंदं खाल्ली होती. नीट वितळू दिलेलं पहिलं मादागास्कर आठवतं : सुरुवातीला काहीच नाही, मग जिभेच्या कडांना आंबट झिणझिणी, तोंडाला पाणी, आणि निम्मं विरघळल्यावर पिकलेलं करवंद, अगदी देठाच्या चिकासकट. वहीत ‘करवंद’ लिहिलं त्या दिवसापासून दोन नमुन्यांतला फरक मला सांगता यायला लागला.

सुरुवात जोडीने करा. एकाच कारखान्याचे 70 टक्क्यांचे दोन बार घ्या, एक मादागास्करचा, एक इक्वादोरचा. सकाळी चहाच्या आधी, मध्ये कोमट पाणी, आणि वेष्टनं पालथी घालून.