वाइन द्राक्षाची नवी बाग: लागवडीआधी जमीन, हवा आणि उतार पारखून घ्या

येत्या वसंतात वाइन द्राक्षाची नवी लागवड करू इच्छिणाऱ्या बागायतदारांनी कलमांची मागणी नोंदवण्याआधी हिवाळ्याचा काळ शेत नीट पाहण्यासाठी राखून ठेवावा. खत, पाणी आणि छाटणी यांत दरवर्षी सुधारणा करता येते. जमिनीची घडण आणि उताराचे तोंड मात्र बाग असेपर्यंत तसेच राहते.

पहिले काम खड्ड्यांचे. शेताचा जो जो पट्टा वेगळा दिसतो, तिथे सुमारे दीड मीटर खोल खड्डा घेऊन त्याची उभी कड फावड्याने साफ करावी. माती परीक्षणाचा अहवाल हवाच, पण खालच्या थरांची हकीकत या कडेवरच वाचता येते. राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले, तर तिथे वर्षातील बराच काळ पाणी साचते असे समजावे. जुन्या मुळ्या एखाद्या थरावर आडव्या वळल्या असतील, तर तो थर कठीण आहे आणि लागवडीआधी फोडावा लागेल. आमच्या मते सुपीकतेपेक्षा निचऱ्याला अधिक महत्त्व द्यावे, कारण खोल आणि कसदार जमिनीत वेल फुटव्यांवर जोर काढते, घड सावलीत राहतात आणि पक्वता लांबते. खडकाची चव थेट वाइनमध्ये उतरते हा समज लोकप्रिय आहे, पण त्याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. मातीचा मुख्य प्रभाव ती पाणी किती धरते आणि किती लवकर तापते यातून पडतो. फ्रान्समधील बोर्डो या वाइन प्रदेशात हे स्पष्ट दिसते: तिथल्या मेडोक भागाच्या लवकर तापणाऱ्या, निचऱ्याच्या गोटाळ जमिनीत उशिरा पिकणारी काबर्ने सोविन्यों साधते, तर पोमेरोल भागाच्या थंड, ओल धरणाऱ्या चिकणमातीत लवकर पिकणारी मर्लो. चुनखडी जास्त असलेल्या जमिनीत लोहाअभावी पाने पिवळी पडतात, म्हणून तिथे ४१ बी यांसारखा चुना सोसणारा खुंट (ज्यावर वाणाचे कलम बांधतात तो मुळाचा भाग) घ्यावा.

उताराच्या दिशेबाबत सरसकट नियम लावू नये. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशात दक्षिणेकडचा उतार लाभतो. जर्मनीत सुमारे ५० अक्षांशावरील मोझेल खोऱ्यात रीसलिंग हे पांढरे वाण पिकते ती मुख्यतः नदीकाठच्या अशा तीव्र, पाटीच्या दगडाच्या उतारांवर. दक्षिण गोलार्धात हाच लाभ उत्तरेकडच्या उताराला मिळतो. उष्ण प्रदेशात मात्र पश्चिमेकडचे दुपारचे ऊन घड भाजते, म्हणून पूर्वेकडचा उतार पसंत करावा. तिथे सकाळचे दव लवकर वाळत असल्याने केवडा या बुरशीजन्य रोगालाही कमी वाव मिळतो.

थंड हवा जड असल्याने रात्री उतारावरून खाली वाहते आणि सखल भागात साचते. वसंतातील कोवळी फूट उणे १ ते २ अंशांतही जळू शकते, त्यामुळे निरभ्र रात्रीनंतर पहाटे शेतात फेरी मारून गोठलेल्या दवाची पांढरी कड कुठवर चढली आहे ते खुणेने नोंदवावे. उताराच्या तळाशी दाट कुंपण किंवा झाडांची रांग असेल तर ती हवा अडवते. तिथे वाट मोकळी करावी. फ्रान्समधील बर्गंडीच्या कोत द'ओर या उताराच्या पट्ट्यात उत्तमोत्तम बागा बहुतांशी उताराच्या मध्यावर आहेत, कारण माथ्यावर माती विरळ आहे आणि पायथ्याशी ती खोल व ओलसर होते.

हवामान केंद्राची सरासरी त्या केंद्राच्या जागेची असते. दर १०० मीटर उंचीमागे तापमान साधारण ०.६ अंशाने उतरते, म्हणून माथा, मध्य आणि पायथा अशा तीन जागी सावलीत कमाल-किमान तापमापक लावून निदान एका वाढीच्या हंगामाची नोंद ठेवावी. अमेरीन आणि विंकलर या द्राक्ष-संशोधकांनी १९४४ मध्ये कॅलिफोर्नियासाठी मांडलेली, १० अंशांवरील उष्णतेची बेरीज करण्याची पद्धत या नोंदींनाही लावता येते, आणि कोणते वाण तिथे पुरते पिकेल याचा अंदाज येतो. अशी नोंद अजून नसेल, तर लागवड एक वर्ष पुढे ढकलणे आम्ही योग्य मानतो.

खुंट खड्ड्यावरून ठरवावा, वाण उष्णतेच्या नोंदीवरून. एकाच शेतात दोन खुंट घ्यावे लागले तरी हरकत नाही. पायथ्याचा पाणथळ पट्टा चर काढूनही कोरडा राहत नसेल, तर क्षेत्र कमी झाले तरी तो लागवडीतून वगळावा.